सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे का बघतात?

वाशिंदमधल्या एखाद्या उंच गच्चीवर जा आणि आजूबाजूच्या घरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या बघा. खाली कौलारू घर असेल, नव्या सोसायटीची इमारत असेल किंवा भातसा नदीकडचं पत्र्याचं घर असेल. छत्रीची कंपनी वेगळी, रंग वेगळा, गंज कमीजास्त. पण सगळ्यांचं तोंड जवळपास एकाच बाजूला. सकाळी उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा आणि उजव्या हाताला अर्धं वळा. ती आग्नेय दिशा. शहापूरला गेलात, मुरबाडला गेलात, म्हशाच्या जत्रेला जाताना एसटीच्या खिडकीतून घरं बघितलीत, तरी हेच दिसेल. एकही छत्री उत्तरेकडे वळलेली सापडणार नाही.

कारण त्या सगळ्या छत्र्या आकाशातल्या ठरावीक जागांकडे बघतायत. त्यातली एक जागा आहे सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला, हिंदी महासागरावर, विषुववृत्तापासून सरळ वर ३५,७८६ किलोमीटर. तिथे ‘जीसॅट-१५’ नावाचा आपला उपग्रह आहे. ज्यांच्या घरी दूरदर्शनची ‘फ्री डिश’ आहे, त्यांच्या घरातली मालिका तिथून येते. दुसऱ्या कंपन्यांचे उपग्रह थोडे इकडेतिकडे आहेत, म्हणून छत्र्यांमध्ये थोडा फरक दिसतो. पण सगळे विषुववृत्ताच्या वर, म्हणजे आपल्या दक्षिणेला. आणि भारतासाठीचे बहुतेक उपग्रह आपल्या जरा पूर्वेला. दक्षिण आणि पूर्व मिळून आग्नेय झाली.

एक गंमत सांगून ठेवतो. छत्री जितकी उभी दिसते, तितकी ती समोर बघत नसते. तिचा आकार आणि पुढच्या दांड्यावरचा डबा असे बसवलेले असतात, की तिची खरी नजर दिसते त्यापेक्षा बरीच वर असते. म्हणून समोरच्या आंब्यामुळे चित्र जाईल असं वाटतं आणि जात नाही.

आता खरा प्रश्न. इतक्या उंचीवरची वस्तू खाली का पडत नाही? याचं सरळ उत्तर असं, की ती पडतेच आहे. सारखी पडते आहे.

हे समजून घ्यायला माहुली किल्ल्यावर जाऊ या, मनातल्या मनात. आसनगावजवळचा हा किल्ला साडेआठशे मीटरच्या आसपास उंच आहे. वर उभं राहून तुम्ही एक दगड आडवा फेकला. तो थोडा पुढे जाईल आणि खाली जंगलात पडेल. जोरात फेकला तर जरा लांब पडेल. आता समजा तुमच्या हातात राक्षसी ताकद आहे आणि वाटेत हवा नाही. (हवा असली की दगड घासून तापेल, हळू होईल, म्हणून ती बाजूला ठेवू.) दगड पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येतो, मग तुम्ही तो कितीही जोरात फेका. आणि आपली पृथ्वी गोल असल्यामुळे आठ किलोमीटर पुढे गेलं की जमीनसुद्धा बरोबर पाच मीटर खाली वळलेली असते. म्हणजे दगड सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने फेकला, तर तो जितका खाली पडेल तितकीच जमीनही खाली सरकलेली असेल. दगड पडत राहील आणि जमीन त्याला कधी भेटणारच नाही. पृथ्वीला फेरी मारून तो मागून तुमच्या डोक्यावर येईल, तेव्हा वाका.

हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी न्यूटनने केला. त्याने दगडाऐवजी तोफेचा गोळा घेतला होता आणि त्याच्याकडे माहुली नव्हता, एवढाच फरक.

सेकंदाला आठ किलोमीटर म्हणजे किती? वाशिंद ते आसनगाव रेल्वेने सहा किलोमीटर आहे. ‘एक’ म्हणेपर्यंत आसनगाव मागे पडलं. सीएसएमटी ते कसारा १२१ किलोमीटर. आपल्या लोकलला अडीच तास लागतात, या वेगाने पंधरा सेकंद.

उपग्रह वर नेणारं रॉकेट म्हणूनच नुसतं वर जात नाही. थोडं वर गेलं की ते आडवं होत जातं, कारण उंची गाठणं हे त्याचं अर्धंच काम असतं. उरलेलं काम आडवा वेग देण्याचं. तो एकदा मिळाला की उपग्रहाला पुढे ढकलायला इंजिन लागत नाही. इंधन असतं, पण ते जागा किंचित चुकली तर सावरण्यासाठी. वीज सौरपंखांतून येते, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरल्यावर बॅटरीतून.

उंची वाढली की पृथ्वीची ओढ कमी होते आणि वेगही कमी लागतो. ३५,७८६ किलोमीटरवर तो सेकंदाला तीन किलोमीटर इतकाच उरतो. तिथली एक फेरी दोन लाख पासष्ट हजार किलोमीटरची, आणि ती पूर्ण व्हायला जवळपास एक दिवस लागतो. पृथ्वीही स्वतःभोवती तेवढ्याच वेळात फिरते. दोघं बरोबरीने फिरतात, म्हणून वाशिंदच्या गच्चीवरून तो उपग्रह जागचा हललेला दिसत नाही. हलला असता तर छत्री रोज, दर मिनिटाला फिरवत बसावी लागली असती, आणि ते काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे आलं असतं हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तो तिथे आहे याचा पुरावा घरबसल्या मिळतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, फ्री डिशचं चित्र काही मिनिटं खराब होऊ शकतं. असं दोन-चार दिवस होतं. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याच्या झगझगाटात उपग्रहाचा बारीक आवाज छत्रीला ऐकू येत नाही. तेव्हा बाहेर जाऊन बघा: दांड्यावरच्या डब्याची सावली छत्रीच्या खालच्या काठापाशी पडलेली असेल. उपग्रह आकाशात नेमका कुठे आहे, हे सूर्य बोट दाखवून सांगत असतो.

जुलैत मात्र चित्र जाण्याचं कारण दुसरं. टीव्हीच्या लहरी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीच्या असतात आणि पावसाचे दाट थेंब त्या शोषून घेतात, विखरून टाकतात. धो धो सर आली की पडद्यावर ‘नो सिग्नल’, सर ओसरली की परत चालू. छतावर चढून छत्री हलवायला जाऊ नका, ती जागेवरच आहे.

परदेशी फोनसुद्धा एके काळी याच उंचीवरून जायचे. मुरबाडहून माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाटा करत नारायणगावकडे गेलं की आर्वी गाव लागतं. तिथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं. विक्रम साराभाईंच्या नावावरून त्याला ‘विक्रम’ म्हणतात. जवळजवळ तीस मीटर रुंदीची प्रचंड छत्री तिथे आकाशाकडे बघत होती. आज तुम्ही मोबाइलवरून आजीला फोन लावता, तो उपग्रहावरून जातो असं बऱ्याच मोठ्या माणसांनाही वाटतं. तो जातो जवळच्या टॉवरवर, तिथून बहुतेक जमिनीतल्या केबलमधून. दुबईतल्या मामाचा व्हिडिओ कॉल समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून येतो. विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲपही जमिनीवरच्या यंत्रांवर चालतं. उपग्रहाला न केलेल्या कामाचं श्रेय देऊ नये. केलेलं काम पुष्कळ आहे.

जसं पाऊस बघण्याचं. ‘इन्सॅट-३डी’ २०१३ मध्ये, ‘इन्सॅट-३डीआर’ २०१६ मध्ये आणि ‘इन्सॅट-३डीएस’ फेब्रुवारी २०२४ मध्ये वर गेला. जागचे न हलणारे असे हवामान-उपग्रह दर अर्ध्या तासाने आपल्या बाजूच्या अख्ख्या पृथ्वीचा फोटो काढतात. रात्री फोटो कसा निघतो? उजेडाऐवजी उष्णता बघून. ढग जितका उंच चढलेला, तितकं त्याचं टोक थंड. चित्रात अतिथंड ठिपका दिसला, की तिथे उंच, दाट, गडगडाटी ढग आहे हे कळतं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं. ते अरबी समुद्रात तयार होत होतं तेव्हापासून त्याच्यावर नजर होती, म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांना आधी हलवता आलं. समुद्रात ना गाव ना वेधशाळा. तिथे वरून बघण्याला पर्याय नाही. हे फोटो हवामान विभागाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. जूनमध्ये रोज बघत गेलात, तर मान्सून केरळकडून आपल्याकडे सरकताना दिसेल.

मधल्या उंचीवर, सुमारे वीस हजार किलोमीटरवर, वाट दाखवणारे उपग्रह आहेत. अमेरिकेचे तीसेक जीपीएस उपग्रह तिथे फिरतात. तुमचा फोन त्यांना काही विचारत नाही, नुसता ऐकतो. प्रत्येक उपग्रह सारखा सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो. चार उपग्रह ऐकू आले की हिशेब जुळतो आणि नकाशावर निळा ठिपका उमटतो. सगळा खेळ घड्याळाचा आहे. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर ठिपका तीनशे मीटर सरकतो, म्हणून या उपग्रहांत अणुघड्याळं बसवतात. आपल्या देशाची स्वतःची अशी प्रणाली आहे, ‘नाविक’. तिच्या सुरुवातीच्या उपग्रहांमधली बाहेरून आणलेली काही घड्याळं बंद पडली. मग मे २०२३ मध्ये सोडलेल्या ‘एनव्हीएस-०१’मध्ये भारतात बनवलेलं अणुघड्याळ बसवलं.

माळशेज घाटात निळा ठिपका वेड्यासारखा उड्या मारतो, त्याचं कारणही आता सांगता येईल. एका बाजूला कडा, म्हणजे अर्धं आकाश झाकलेलं. उपग्रह कमी दिसतात, आणि काहींचा संदेश कड्यावर आपटून उशिरा येतो. वाशिंद स्टेशनातून धाड धाड जाणाऱ्या लांबच्या गाड्यांपैकी अनेकांच्या इंजिनावर इस्रोच्या मदतीने केलेलं यंत्र आहे. ते उपग्रहावरून आपली जागा काढतं आणि दर तीस सेकंदांनी नियंत्रण कक्षाला कळवतं. मेल पुढे काढायला आपली लोकल थांबवून ठेवतात, ते मात्र त्यामुळे बंद झालेलं नाही.

त्याहून बरंच खाली, पाचशे ते आठशे किलोमीटरवर, जमीन निरखणारे उपग्रह. हे जागेवर थांबत नाहीत. दीड तासात एक फेरी, तीही उत्तर-दक्षिण, ध्रुवांवरून. खाली पृथ्वी पूर्वेकडे फिरत राहते, त्यामुळे प्रत्येक फेरीत नवी पट्टी नजरेखाली येते. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तासाभरात, पाऊस नसलेल्या दिवसांत, असे उपग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ताऱ्यासारखा ठिपका, न लुकलुकता, सरळ चालत जातो. लुकलुकला तर विमान. मधेच विझला तर घाबरू नका, तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. त्याला स्वतःचा दिवा नाही.

हे उपग्रह चित्र काढतात ते चौकोनी ठिपक्यांनी. एका ठिपक्यात जेवढी जमीन मावेल त्याहून बारीक काही दिसत नाही. इथे आपलं जुनं माप फार छान कामाला येतं. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांचा एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. आणि आपला एक गुंठा एकशे एक चौरस मीटर. म्हणजे तो उपग्रह शेत अगदी गुंठ्या-गुंठ्याने मोजतो! आपल्या ‘रिसोर्ससॅट-२ए’ च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांचा, दुसऱ्याचा गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा.

हिरवं पान आपल्याला हिरवं दिसतं, पण आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ते त्याहून कितीतरी जास्त परतवतं. रोप सुकायला लागलं की तो घटतो. कॅमेरा हा प्रकाश मोजतो, म्हणून कुठलं शिवार तरारलेलं आणि कुठलं ओढलेलं आहे ते वरून कळतं. मात्र शहापूर-मुरबाडचं पीक म्हणजे भात, आणि भात वाढतो तो भर पावसाळ्यात. आवणी चालू असते तेव्हा वर आठ-आठ दिवस ढगांचं छप्पर. कितीही भारी कॅमेरा असला तरी त्याला फक्त ढगांची पाठ दिसणार.

मग भात कसा बघायचा? रडारने. रडारवाला उपग्रह सूर्यप्रकाशाची वाट बघत नाही. तो स्वतः रेडिओलहर खाली सोडतो आणि परत किती आली ते मोजतो. त्याच्या लहरी टीव्हीच्या लहरींपेक्षा लांब, म्हणून ढग त्यांना अडवत नाहीत. आपल्या ‘रिसॅट-१’ ने २०१२ पासून आणि ‘ईओएस-०४’ ने २०२२ पासून हे काम केलं. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासा यांनी मिळून बनवलेला ‘निसार’ श्रीहरिकोट्याहून वर गेला. त्याची जाळीची छत्री बारा मीटर रुंद आहे आणि तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो.

आणि भात ओळखायची रडारची युक्ती तर मला या सगळ्यात फार आवडते. चिखलणी झालेल्या खाचरात पाणी साठलेलं असतं, सपाट, गुळगुळीत. तिरपी आलेली लहर त्यावरून घसरून पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परतत नाही. चित्रात ते खाचर काळं दिसतं. आवणीनंतर रोपं उभी राहतात, फुटवे फुटतात; आता लहर पाण्यावर आपटून रोपाच्या दांड्याला लागते आणि माघारी येते. तेच खाचर दर फेरीला उजळत जातं. आधी काळं आणि मग हळूहळू उजळ, असं डोंगरावरचं गवत वागत नाही, वरकसावरची नाचणी वागत नाही, साग तर नाहीच. काळ्याचं उजळ झालेले ठिपके मोजले की तालुक्यात भात किती लागला त्याचा अंदाज निघतो. दिल्लीतलं महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्र २०१२ पासून देशभरातल्या पिकांचे असे अंदाज बांधतं. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र त्याहून जुनं, १९८८चं.

तरीही भात कुणाच्या नावावरचा, बारीक की जाडा, हे वरून कळत नाही. त्यासाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून फोनमध्ये पिकाचा फोटो काढतो, फोन उपग्रहावरून जागा टिपतो आणि नोंद सातबारावर जाते. पाड्यावर रेंज नसली तरी जागा टिपता येते, कारण वाटाड्या उपग्रहांना नुसतं ऐकायचं असतं. माहिती पाठवायला मात्र रेंज लागते, आणि मग घरातलं शाळेत जाणारं कुणीतरी फोन घेऊन टेकाडावर चढतं.

याच चित्रांत आपल्या तालुक्याचं एक कोडंही दिसतं. अवरक्त चित्रात पाणी काळंकुट्ट उमटतं. शहापूर तालुक्यावर नजर टाकली की भातसा, तानसा, मोडकसागर हे मोठाले काळे डाग लगेच ओळखता येतात. मुंबईच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसातून जातं. आणि त्याच चित्रात, त्या डागांच्या जवळ असलेल्या कित्येक पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. पाण्याचं वाटप कसं करायचं ते उपग्रह ठरवत नाही. पण विहीर कुठे खणावी यात तो थोडी मदत करतो. आपल्याखाली काळा पाषाण, त्यात पाणी मुरत नाही; ते साठतं भेगांमध्ये. उभं राहून बघितलं तर भेग दिसत नाही, पण शेकडो किलोमीटर वरून ओढे, झाडांच्या रांगा आणि डोंगरातल्या खाचा एका सरळ रेषेत आलेल्या दिसतात. निसर्गात इतकी सरळ रेघ उगाच उमटत नाही. खाली बहुधा भेग असते. भूजल शोधणारे लोक अशा रेघा नकाशावर मारतात आणि मग त्या जागी जाऊन जमीन तपासतात.

उपग्रह बनवायला नेहमी मोठी संस्थाच लागते असंही नाही. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ पीएसएलव्हीमधून वर गेला. वजन सुमारे एक किलो. दिशा धरायला त्यात मोटर नव्हती, चुंबक होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जुळवून घेत तो आपोआप वळायचा. तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. ‘स्वयम्’ हॅम रेडिओवर बोलणारा होता. हॅम रेडिओ म्हणजे हौसेने चालवायचं बिनतारी यंत्र. त्याची परीक्षा आपल्याकडे वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. पास झालात आणि परवाना मिळाला की तुम्हाला स्वतःचं एक सांकेतिक नाव, म्हणजे ‘कॉल साइन’, मिळतं.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही असं यंत्र आहे. जुलै २०२५ मध्ये आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा ते त्यावरून भारतातल्या शाळकरी मुलांशी बोलले. स्थानक चारशे किलोमीटरवर आणि वेग तोच, सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर. त्यामुळे ते एका क्षितिजावरून वर येऊन दुसऱ्या क्षितिजाखाली जायला दहा मिनिटंच मिळतात. म्हणून मुलं आधीच प्रश्न लिहून, पाठ करून, माइकसमोर रांगेत उभी राहतात. नमस्कार-चमत्कार लांबवले तर रांगेतल्या शेवटच्याचा प्रश्न राहून जातो.